कोंबडीचं आंबोण

पहाटे साडेपाचला काकीने पडवीतल्या बादलीवरचं फडकं काढलं आणि मला म्हणाली, "आधी वास घे गं. हात मागनं घाल."

मी वाकले. इडलीच्या पिठाचा वास. त्याच्या मागे ताकाचा, आणि अगदी तळाशी भिजलेल्या कोंड्याचा, गिरणीत येतो तसा. पाण्यावर बारीक फेस धरला होता. काकीने हात कोपरापर्यंत आत घालून खालचं वर केलं, तसे बुडबुडे उठले आणि बादली क्षणभर कुजबुजल्यासारखी वाटली. तिने ज्वारीचा एक दाणा चिमटीत धरून दाबला. तो सहज चेंबला. "झालं," ती म्हणाली, आणि चाळणीतून पाणी निथळायला लागली.

तोवर खुराड्यात कालवा सुरू झाला होता. फळी सरकवल्याबरोबर कोंबडा बाहेर आला, मागून एकेक करत बावीस कोंबड्या आणि तलंगा. लांबट पन्हाळीसारख्या पत्र्याच्या भांड्यात, जुना प्लॅस्टिकचा कागद अंथरून, काकीने ते निथळलेलं धान्य पसरलं. एरवी दाणे टाकले की उकिरडा उपसावा तशा पायांनी उकरणाऱ्या कोंबड्या माना खाली घालून उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी भांडं चाटूनपुसून साफ होतं.

भोर तालुक्याच्या पश्चिमेला, नीरा-देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. पाऊस धो-धो. शेतात इंद्रायणी आणि वरच्या वरकस तुकड्यांत नाचणी. कोंबड्या प्रत्येक घरी. पण त्यांना आंबवून खायला घालणारी माझी काकी गावात पहिली, आणि तिने ते कुठे शिकलेलं नाही. घरातली जर्सी गाय विकली त्या सालची गोष्ट. गाईसाठी रोज संध्याकाळी सरकी, पेंड आणि कोंडा भिजत घालायची सवय हाताला होती. गाय गेली, बादली आणि सवय तेवढी राहिली. पहिल्या दिवशी चुकून भिजवलं गेलं. टाकवेना म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांपुढे ठेवलं. त्यांनी चट्टामट्टा केला. तिसऱ्या दिवसाचं उरलं ते आंबलं होतं, तेही खाल्लं, आणि त्यावर त्या जास्तच तुटून पडल्या. त्या दिवसापासून गाईची बादली कोंबड्यांची झाली.

तिला या प्रकाराला काय म्हणतेस विचारलं, तर म्हणाली, "आंबोण. दुसरं काय म्हणायचं?"

गुरांच्या या खुराकाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आंबोण म्हणतात. कानाला त्यात आंबणं ऐकू येतंच. गाईला, म्हशीला आंबोण असायचं. कोंबडीच्या वाट्याला पसाभर दाणे, तेही पाखडताना सुपातून उडालेले. दुधाचा हिशेब घरातल्या कर्त्या पुरुषाकडे जायचा, म्हणून गाईच्या पोटाची काळजी सगळं घर करायचं. अंड्याचे पैसे बाईच्या कनवटीला, म्हणून कोंबडीने तिचं तिने उकरून खावं, असं गृहीत धरलेलं. याचा मला राग येतो. मुलांच्या वह्या, आजारपणातली पहिली गोळी, माहेरी जायचं एसटीचं भाडं, हे सगळं या मावळपट्ट्यात अंड्यांवर निघालेलं मी लहानपणापासून पाहिलं आहे.

आणि या कोंबड्या काही थोड्याथोडक्या नाहीत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मोजले गेले, त्यातले जवळपास ३२ कोटी परसातले. आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. सरकारी योजनांतून तलंगांचे गट वाटले जातात, २५ माद्या आणि ३ नर असे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराजा, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेला झाबुआचा कडकनाथ, असे पक्षी आता डोंगरातल्या खुराड्यांतही दिसतात. पक्षी सुधारले, पण त्यांना खायला काय घालायचं हा प्रश्न बहुतेक घरांत सुपातून उडालेल्या दाण्यांवरच अडकला आहे. कोंबडीपालनात होणाऱ्या खर्चातला ६० ते ७० टक्के खर्च खाद्याचा. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. गावरान कोंबडी अंगाने लहान आणि दिवसभर फिरून खाणारी, तिचं त्याहून कमीत भागतं. तरीही वीस-पंचवीस कोंबड्यांचं दुकानातलं मॅश विकत आणायचं म्हटलं, तर अंड्याचे सगळे पैसे त्यातच जातात.

म्हणून काकी घरचंच वापरते. गिरणीतली तांदळाची कणी, भाताचा कोंडा, मक्याचा भरडा, थोडी ज्वारी, नाचणी पाखडताना निघालेलं बारीक, आणि ओंजळभर शेंगदाण्याची पेंड. सगळं एका पसरट बादलीत. वर पाणी, धान्याच्या चार बोटं वर येईल इतकं, कारण धान्य फुगून पाणी पितं आणि सकाळपर्यंत वरचा थर उघडा पडतो. "पाण्याबाहेर आलं की बुरशी धरली," हा तिचा पहिला नियम. झाकण घट्ट नाही, नुसतं फडकं. सकाळ-संध्याकाळ एकदा ढवळायचं. उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात, दिवाळीनंतर थंडी पडली की चार लागतात, आणि मग ती बादली चुलीच्या भिंतीला टेकवून ठेवते. जुन्या बादलीतलं वाटीभर पाणी नव्या बादलीत जातं. ते विरजण. नसेलच, तर दोन चमचे ताक.

बादली प्लॅस्टिकची. पितळेची किंवा जस्ती पत्र्याची चालत नाही. मी कारण विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "कळकेल ना!" कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की कळकते, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. आंबट पदार्थ धातू खातो, तो धातू पोटात जातो. रसायनशास्त्राचा हा धडा एका क्रियापदात मावलेला आहे. खाद्याचं पसरट भांडं मात्र पत्र्याचंच होतं, म्हणून त्यात प्लॅस्टिकचा कागद.

आत नेमकं घडतं काय? धान्याच्या सालीवर आणि कोंड्यात सूक्ष्मजीव मुळातच असतात. पाण्याखाली हवा कमी पडली की त्यांतले लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, दही लावणाऱ्यांचेच भाऊबंद, जोर धरतात. ते साखर खातात, आम्ल सोडतात. पाण्याचा सामू सहाच्या आसपास असतो, तो चार-साडेचारपर्यंत उतरतो. इतक्या आंबटात कुजवणारे आणि रोग पसरवणारे बरेच जिवाणू तग धरत नाहीत. इडलीचं पीठ रात्रभर उघड्यावर राहून नासत नाही, आंबील दुसऱ्या दिवशी जास्त रुचकर लागते, त्यामागचं कारण हेच.

दुसरी गोष्ट फॉस्फरसची. धान्यातल्या फॉस्फरसचा सुमारे दोन-तृतीयांश भाग फायटेट नावाच्या रूपात बांधलेला असतो. कोंबडीच्या पोटात तो सोडवणारं फायटेज हे विकर पुरेसं नसतं. म्हणजे फॉस्फरस खाल्ला जातो आणि शिटेतून तसाच बाहेर पडतो. शिवाय फायटेट जाता जाता कॅल्शियम, जस्त, लोह यांनाही बांधून नेतं. भाताच्या कोंड्यात तर ते भरपूर. भिजवल्याने आणि आंबवल्याने धान्यातलं आणि जिवाणूंचं फायटेज कामाला लागतं, आणि बांधलेलं थोडंफार सुटतं. ज्या घरात कोंडा हेच मुख्य खाद्य, तिथे आंबवण्याचा फायदा सगळ्यात जास्त, असं मला यातून वाटतं.

पण मला सगळ्यात भावलेली गोष्ट कोंबडीच्या गळ्याखाली आहे. संध्याकाळी खुराड्यात शिरताना तिच्या छातीवर उजवीकडे टम्म फुगलेली पिशवी हाताला लागते. दिवसभर टिपलेले दाणे त्यात साठतात, पाणी पितात, मऊ होतात. त्या पिशवीच्या आतल्या अस्तराला लॅक्टिक आम्लाचे जिवाणू चिकटून राहतात आणि दाणे तिथे काही तास आंबतातच. पुढे खड्यांनी भरलेल्या चिवट पोटात ते भरडले जातात. कोंबडीला दात नाहीत, पण निसर्गाने तिला आंबोणाची बादली आणि जातं दोन्ही अंगातच दिलं आहे. काकीची बादली त्या पिशवीचं काम आदल्या दिवशीच सुरू करून देते, एवढंच.

परदेशात यावर पद्धतशीर काम झालं आहे. नेदरलँड्समध्ये २००३ च्या सुमारास मांसाच्या कोंबड्यांना आंबवलेलं पातळ खाद्य देऊन पाहिलं, तेव्हा साल्मोनेलाची लागण होण्याचं प्रमाण कमी दिसलं. पचनमार्गाच्या सुरुवातीलाच आम्लाचा पहारा बसल्यासारखं होतं. डेन्मार्कमध्ये अंड्यावरच्या कोंबड्यांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अंड्याचं वजन आणि कवचाची मजबुती वाढलेली आढळली. त्याच प्रयोगाने एक वाईट गोष्टही नोंदवली: आंबवलेलं खाणाऱ्या कोंबड्या एकमेकींना जास्त टोचत होत्या आणि त्यांची पिसं खराब झाली होती. मला हे वाचून काकीचं लांबट भांडं आठवलं. तिने आधी गोल घमेलं वापरून पाहिलं होतं. "धाकट्या तलंगांना थोरल्या जवळ येऊ द्यायच्या नाहीत. डोक्यावर टोचून रक्त काढायच्या." मग तिने भांडं लांब केलं आणि दोन ठिकाणी मांडलं. चविष्ट खाद्यावर झुंबड होणार, हे तिने अंगणात पाहून ओळखलं.

आंबवलं की निम्मं खाद्य वाचतं, असं अलीकडे फार सांगितलं जातं. तसं मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. किलोभर धान्य पाणी पिऊन दुणावतं, बादली भरलेली दिसते, आणि माणूस फसतो. कोंबडीला लागतं ते कोरडं वजन, पाणी तिला नळाचंही मिळतं. खरी बचत वेगळ्या ठिकाणी होते. कोरडं मॅश चोचीतून सांडतं, वाऱ्याने उडतं, तळाशी भुकटी उरते आणि ती कोंबड्या तोंडात घेत नाहीत. ओल्यात भुकटी दाण्याला चिकटते. काकीच्या अंगणात पूर्वी खुराड्यासमोर सांडलेल्या पिठाचा पांढरा पट्टा असायचा, तो आता नाही. शिट घट्ट पडते आणि वास कमी, हे पावसाळ्यात पडवीतच कोंबड्या कोंडाव्या लागणाऱ्या घराला फार मोठं सुख आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये असं मनापासून वाटतं.

पुण्याच्या कडेला आमचं बैठं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा. काकीचं पाहून मी बारा गिरिराजा आणल्या आणि बादली लावली. दीड वर्ष उत्तम चाललं. दुसऱ्या वर्षी श्रावणात मक्याच्या भरड्याचं एक पोतं आणलं, ते घरात आठवडाभर ओलसर भिंतीला टेकून राहिलं. उघडलं तेव्हा एका बाजूला गठ्ठे झाले होते आणि त्यांवर हिरवट झाक. मी वरवरचे गठ्ठे काढून टाकले आणि उरलेलं भिजवलं. मनात हिशेब असा, की आंबटपणा बुरशी मारेल. तीन दिवसांनी वास छान आला, अगदी काकीच्या बादलीसारखा. मी निर्धास्त झाले.

दहाव्या दिवसापासून अंडी कमी झाली. तुरे फिकटले. कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात बसू लागल्या. तीन आठवड्यांत चार गेल्या. तालुक्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले एक पशुवैद्यक आमच्या ओळखीचे, ते आले. त्यांनी मेलेली एक कोंबडी माझ्यासमोर उघडली. काळीज पिवळट आणि ठिसूळ, बोटाने दाबलं तर तुटावं असं. त्यांनी बादलीचा वास घेतला, मग पोत्यापाशी गेले आणि तळाचा मका ओंजळीत घेऊन उजेडात धरला. "बुरशी मेली असेल हो बाई," ते म्हणाले, "पण तिचं विष कुठे मरतं?"

ते ज्या विषाविषयी बोलत होते त्याची ओळख जगाला कोंबडीवर्गातल्याच एका पक्ष्यामुळे झाली. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग कोणता ते कळेना. शेवटी माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत गेला आणि तिच्यावर वाढलेल्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपर्यंत. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते शिजवून जात नाही आणि आंबवून जाईल असा भरवसा धरता येत नाही. मका, शेंगदाणा पेंड, सरकी ही आपली नेहमीची खाद्यं, आणि आपला दमट पावसाळा. बुरशीला याहून काय हवं? डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलेलं मी वहीत लिहून ठेवलं आहे. पोतं जमिनीवर टेकवायचं नाही, फळीवर ठेवायचं, भिंतीपासून हातभर दूर. हिरवं, काळं किंवा गुलाबी केस आलेलं काहीही दिसलं की सगळं पोतं खड्ड्यात, वरचं काढून खालचं वापरणं नाही. बादलीत पाण्यावर नुसता पांढरा पातळ पापुद्रा आला तर तो यीस्टचा, काढून टाकला की झालं. दारूसारखा वास आला तर जास्त दिवस झाले. कुजका आला तर विचारही करायचा नाही, ओतून द्यायचं.

त्यांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. कच्चं सोयाबीन आंबवून दिलं तरी चालत नाही; त्यातले पचन अडवणारे घटक उष्णतेनेच जातात, म्हणून भाजलेलं किंवा तयार पेंड. आणि शिंपल्यांचा चुरा बादलीत टाकायचा नाही, वेगळ्या वाटीत ठेवायचा. ही दुसरी चूक मी सुरुवातीला केलेली होती. चुरा टाकला की आम्ल चुन्यावर खर्च होतं, फेस भरपूर येतो, आपण खूश होतो, आणि आंबटपणा मात्र उतरतो. कोंबडीला कॅल्शियमची गरज कधी हे तिला कळतं. वाटी भरलेली असली की अंडं घालणारी कोंबडी आपण होऊन जाऊन टिपते.

अगदी लहान पिल्लांना मी आंबवलेलं देत नाही. ओलं सांडलं की खालचं तूस भिजतं, आणि ओल्या तुसात रक्ती हगवण आलीच म्हणून समजायचं. मानमोडीला तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. उत्तराखंडातल्या राणीखेतच्या नावाने ओळखला जाणारा हा रोग एका रात्रीत खुराडं रिकामं करतो. काकीच्या शेजारणीने आंबोण सुरू केलं आणि लस देणं थांबवलं, "आता त्यांना ताकद आली" म्हणून. गेल्या उन्हाळ्यात तिच्या अठरापैकी पंधरा कोंबड्या माना पिरगाळून मेल्या. लासोटा लसीचे थेंब पिल्लाच्या वयाच्या सातव्या दिवशी डोळ्यात पडलेच पाहिजेत. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. परसातल्या घरांनाही तेव्हा डाली रिकामी करावी लागली. खाद्याची काळजी घेणाऱ्याने रोगाची काळजी सोडली, तर सगळी मेहनत पाण्यात.

त्या शेजारणीने या पावसाळ्यात पुन्हा पिल्लं आणली. मी गेले तेव्हा काकी तिच्या ओट्यावर बसून तिला बादली शिकवत होती. दोघींच्या मध्ये दोन वाट्या होत्या, एकीत चांगलं आंबलेलं, दुसरीत मुद्दाम बिघडवलेलं. शेजारीण डोळे मिटून आळीपाळीने वास घेत होती. काकी विचारायची, "हा कोणता?" ती सांगायची. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून तिचं एकही उत्तर चुकलं नाही. मग काकीने स्वतःच्या बादलीतलं तांब्याभर पाणी, प्लॅस्टिकच्या तांब्यातून, तिच्या बादलीत ओतलं, आणि लसीची तारीख कॅलेंडरवर पेनाने गोल करून दिली.

निघताना तिने मलाही एक बाटली दिली, सरबताची जुनी, गढूळ पांढरट पाण्याने अर्धी भरलेली. माझं विरजण त्या श्रावणात मी ओतून दिलं होतं, ते तिला माहीत होतं. "झाकण ढिलं ठेव," तिने एसटीपर्यंत येऊन दोनदा सांगितलं. कापूरहोळला गाडी थांबली तेव्हा बाटली गरम लागली. कात्रज ओलांडताना पिशवीतून बारीक फुसफुस ऐकू आली, मी झाकण अर्धा फेरा फिरवलं, आणि शेजारच्या आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आंबोण का गं? कुणाच्या गाईसाठी?"

"कोंबड्यांसाठी," मी म्हटलं. त्यांनी पिशवीवर वाकून एकदा वास घेतला आणि म्हणाल्या, "झालंय चांगलं."